गोधड्या पळवणारा राक्षस

पाळण्याची कडी करकरली आणि घरातली शांतता मोडली. मी पेन हवेतच धरून श्वास रोखला. गोरक्षनं कूस बदलली, मूठ तोंडात घातली आणि पुन्हा झोपला. अजून अर्धा तास दे रे बाबा!

जामखेडचं टपाल चारच्या एस्टीनं जातं. पुण्याच्या एका मुलांच्या मासिकाच्या संपादकांनी कळवलं होतं, गोष्ट बुधवारपर्यंत हातात पडली तरच दिवाळी अंकात घेऊ. आज सोमवार. माझं नाव पहिल्यांदाच छापून येणार होतं, आणि गोष्टीला शेवटच नव्हता.

तशी गोष्ट सोपी. एक राक्षस रोज रात्री गावात येतो, लोकांच्या अंगावरच्या गोधड्या ओढून नेतो, प्रत्येकीचा कोपरा हुंगतो आणि टाकून देतो. शेवटी राजकन्येनं त्याला मारायचं, असं मी आधीच ठरवलं होतं. पण हातात तलवार दिली की ती नुसती उभीच! तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. आणि तो कोपरा का हुंगतो, हे मला तरी कुठं ठाऊक होतं? त्यानं हुंगला, मी लिहिलं.

"मेला का न्हाई गं तुजा राक्षस?" ओट्यावरून छबूमावशींनी विचारलं. त्या शेजारच्या खोलीतल्या. गोरक्षसाठी गोधडी शिवत बसल्या होत्या. माझी पाच वर्षांची राही त्यांना सुईत दोरा ओवून देत होती.

"मरतच नाही हो, मावशी."

"मग मास्तरांच्या हाती दे. अख्खी शाळा कापती त्यांच्यापुढं, राक्षसाचं काय!"

बापाचं कौतुक ऐकून राही खुदकन हसली.

"आन् भाकरीचा तुकडा आन बरं. शेवटचा कोपरा ऱ्हायलाय."

"भाकरी कशाला?"

"आईनं शिकवलं न्हाई व्हय? कोपऱ्यात भाकर सारायची, मग टाका घालायचा. गोधडी उपाशी ठिवू न्हाई. लेकराला उपाशी पांघरुनात निजवतीस व्हय?"

मी दुरडीतला तुकडा आणून दिला. त्यांनी तो कोपऱ्यात सारला, सुई ओढली, आणि मी उंबऱ्यातच थबकले. अगंबाई, असं आहे होय! तो भाकरी हुंगत होता. आपल्या आईनं घातलेली भाकरी. चोर नव्हताच तो. हरवलेलं लेकरू होतं, आपली गोधडी शोधत हिंडणारं.

मी धावत वहीकडे गेले. राजकन्येनं आपणहून तलवार खाली ठेवली. "तुझ्या गोधडीचा रंग कसा होता रे?" तिनं विचारलं, तसा राक्षस मटकन खाली बसला आणि हुंदके देऊ लागला. नेमका तेव्हाच गोरक्षही.

"लिही तू, मी बघते ह्याच्याकडं," म्हणत मावशींनी त्याला मांडीवर घेतलं.

गोष्टीतल्या गावच्या बायका जमल्या. कुणी जुनं लुगडं आणलं, कुणी दोरा, आणि राक्षसाच्या मापाची गोधडी शिवताना भाकरी एक नाही, चांगल्या चार लागल्या. संपली गोष्ट!

पावणेचारला राहीचा हात धरून मी पोस्टाकडे जवळजवळ पळतच निघाले. वाटेत तिला शेवट सांगितला. चार भाकऱ्यांवर ती मनापासून हसली. मी पाकीट लाल पेटीत सोडलं. आत ते पडल्याचा आवाज ऐकला आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

राही पेटीकडे बघत होती.

"पण आई," ती म्हणाली, "त्याची आई कुठंय?"