साखरेची पुडी

ज्योतीरामाने साखरेची पुडी चुलीपुढे ठेवली आणि घसा साफ केला.

“मावशी, उद्यापासून माझ्या चहात ही घाला.”

गोजाबाईंच्या हातात गुळाचा खडा होता. तो त्यांनी परत डब्यात टाकला.

“गूळ सोसत न्हाई व्हय रं तुला?”

“तसं नाही. साखरेनं डोकं चालतं, असं यशवंतराव म्हणतात.”

यशवंतराव पिंपरीच्या औषध कारखान्यात त्याच्या शेजारच्या यंत्रावर होता. वय बावीस, आणि त्याला ठाऊक नाही अशी गोष्ट जगात नव्हती. गुळाचा चहा गावंढळ पितात, हे त्याने सगळ्या पाळीला पटवून दिले होते. सगळे हसले तेव्हा ज्योतीरामही हसला. न हसून करतो काय, तिथे त्याचे दुसरे कुणी नव्हते.

मराठवाड्यातल्या भूमहून येऊन त्याला चार महिने झाले होते. रहाटणीत गोजाबाईंनी त्याला खोली भाड्याने दिली होती. त्याही एकट्याच. सकाळी त्याला चुलीपाशी बसवून घेत, काटक्या सारता सारता त्याच्या आईची चौकशी करत, उशिरा उठला तर शिव्याही घालत. दिवसभरात त्याच्याशी आपुलकीने बोलणारे तेवढे एकच माणूस होते.

दुसऱ्या दिवशी चहा बाहेर ओट्यावर आला, कपबशीतून. या घरात कपबशी आहे हे त्याला आजच कळले.

“आत येतो की, मावशी.”

“नगं, नगं. धूर लागंल. तुमी बसा निवांत.”

‘तुमी’ ऐकून त्याला कसेसेच झाले. चहा फार गोड होता. आत गोजाबाई मांजराला शिव्या घालत होत्या आणि तो ओट्यावर बसून त्या ऐकत होता.

असे पंधरा दिवस गेले. डोके होते तेवढेच चालले. पुडी संपली असेल असा हिशेब करून त्या सकाळी तो लवकरच उठला.

“मावशी, साखर संपली ना? आता गूळच घाला. मला गूळच आवडतो.”

गोजाबाई कपबशी घेऊन दारात थांबल्या.

“असं कसं? पाव्हण्याला कुनी गूळ देतं व्हय? शेजारनं वाटीभर आनलीया. तुमी संकोच करू नका.”

कपबशी त्याच्यापुढे ठेवून त्या आत गेल्या. चुलीवर त्यांचा गुळाचा चहा उकळत होता. वास ओट्यापर्यंत येत होता. ज्योतीरामाने चहा बशीत ओतला आणि गार होईपर्यंत ती तशीच धरून बसला.