रिद्वानची मूठ

“तुमच्या वरच्यांना लाजलज्जा काही आहे की नाही? माझ्या मिरच्यांच्या वाफ्यात खांब रोवता? विचारलं होतं कुणाला?”

हाजेरने पाण्याची बादली दाणकन खाली आपटली. खांब रोवणाऱ्या दोघांनी मान वर केली नाही.

“आम्हाला काय माहीत, मावशी. वरून सांगितलंय, रस्त्यावरून दिसलं पाहिजे.”

“वरून! कोण बसलंय वर, नाव सांगा. वर अल्ला आहे, आणि तो काही माझ्या मिरच्यांवर उठलेला नाही.”

दोघे हसले, पण खांब हलला नाही. दोर ओढला गेला आणि हाजेरच्या मुलाचं चित्र घराच्या छपराएवढं उंच चढलं. अंगावर फौजी कपडे. रिद्वानने ते कपडे जन्मात घातले नव्हते. कुणातरी किडकिडीत पोराच्या धडावर त्याचं डोकं कापून चिकटवलं होतं. एल्मालीच्या तेलकुस्तीच्या मैदानात तेलाने निथळत उभा राहिला की ज्याची मान तुतीच्या बुंध्यासारखी दिसायची, त्या पैलवानाला इथे कोंबडीची मान दिली होती. खाली लाल अक्षरं होती : पैलवान निघाला. तुम्हीही चला.

त्या वर्षी डोंगरातली पोरं सक्तीच्या फौजेचं बोलावणं आलं की शहरात जाऊन गडप होत होती. म्हणून हा थाट. नाहीतर आजवर या गावातून एवढी पोरं गेली, कुणासाठी कधी चिंधीसुद्धा टांगली नव्हती.

हाजेरला राग होता तो मिरच्यांचा. आणि पाहुण्यांचा, कारण घरची माणसं धरून जेवण योजलं होतं आणि कुस्ती संघटनेचा अध्यक्ष जेव्देत तालुक्याची अर्धी कचेरी घेऊन आला होता. मुलगा जाणार याचं तिला वाईट वाटत होतं, पण भीती नव्हती. जेव्देतनेच येऊन सांगितलं होतं, रिद्वान फौजेच्या आखाड्यात कुस्त्या खेळेल, चांगलंचुंगलं खाईल, परत येईल. आठवडाभर पोरगा मुका झाल्यासारखा वागत होता. मोठ्या कुस्तीच्या आधी तो असाच गप्प असायचा, म्हणून तिने त्याला डिवचलं नव्हतं.

ऊन कलल्यावर अंगणात ढोल-सनई सुरू झाली. चुलाणावर गहू-मटणाचं केश्केक रटरटत होतं आणि चार गडी लाकडी मुसळांनी ते घोटत होते. मधोमध स्टुलावर रिद्वान बसला. खांद्यावर लाल कापड. फौजेत निघालेल्या पोराच्या हाताला मेंदी लावायची रीत होती, आणि त्यासाठी सेल्वीला बोलावलं होतं. तिचा वेसेल दोन वर्षांपूर्वी सरहद्दीवरून पेटीतून आला होता. पेटी उघडू दिली नव्हती. तेव्हापासून गावातला कुठलाही पोरगा निघाला की मेंदी सेल्वीच्या हातची. तिला कसं वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. मान दिला की झालं.

सेल्वीने मेंदीचा वाडगा घेतला, समोर गुडघे टेकले.

“दे हात, बाळा.”

रिद्वानने उजवा हात पुढे केला. मूठ मिटलेली होती.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पेंबेआत्या, त्याच्या बापाची बहीण, टाळी देऊन खिदळली. “अगं बाई, नवरी रुसली की! सोन्याचं नाणं हातावर ठेवल्याशिवाय मूठ उघडायची नाही म्हणते!”

अंगण हसण्याने फुटलं. नवरीच्या मेंदीला सासू नाणं ठेवते, तेव्हा नवरी मूठ उघडते. तोच खेळ हा दांडगा गडी खेळतोय, असं सगळ्यांनी धरलं. “सासूबाई कुठायत?” “नाणं छोटं नको हां, पंजा बघा केवढा आहे!” आत्याने गळ्यातलं नाणं काढलं, तोंडाने लुलूलू करत त्याच्या मुठीवर ठेवलं आणि कंबरेवर हात ठेवून वाट बघत राहिली.

मूठ उघडली नाही. नाणं घरंगळलं आणि धुळीत पडलं.

सनई थांबली. ढोलवाल्याला उशिरा कळलं, त्याचे आणखी दोन ठोके पडले आणि मग तोही थांबला.

“आत्या, उचल ते,” रिद्वान म्हणाला. “मी नाही जाणार.”

“कुठे नाही जाणार?”

“फौजेत. उद्याही नाही आणि नंतरही नाही. ते पकडायला आले तर मी घरीच आहे, पळणार नाही.”

जेव्देत खुर्चीतून उठला. हसतच उठला, जाणता माणूस. “पैलवान, थट्टा पुरे. तुला कोण लढायला सांगतंय? आखाड्यातच राहायचंय. बंदूक काय ती शपथेपुरती. तिच्यावर हात ठेवायचा आणि काढायचा.”

“मला ठेवलेला हात काढता येत नाही, अध्यक्षसाहेब.”

“म्हणजे भ्यालास म्हण ना!” मागून कुणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, “तेल लावून निसटायची सवय पडलीय त्याला!” आणि पोरं जोरात हसली. हीच पोरं उन्हाळ्यात त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचली होती.

रिद्वानने त्यांच्याकडे पाहिलं नाही. तो सेल्वीकडे बघत होता, कारण सेल्वी अजून गुडघ्यावरच होती आणि तिची मेंदीने भरलेली बोटं हवेत थांबली होती.

“माझ्या वेसेलने हात उघडला होता,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “त्याला काय जीव नव्हता? तुझी मूठ सोन्याची आणि त्याची मातीची?”

“नाही, काकू.”

“मग?”

“मी माणसं पाडतो, काकू. पाडलं की हात देऊन उठवतो, त्याच्या पाठीचं गवत झाडतो, तेव्हा माझी कुस्ती संपते. जिथे पाडलेला उठत नाही तिथे मी हात लावणार नाही. आणि लावल्याचं सोंगही करणार नाही.” त्याने त्या खांबाकडे हनुवटी उडवली. “मेंदी कुर्बानीच्या मेंढ्यालाही लावतात. त्याला विचारत नाहीत, म्हणून तो गप्प. मला तोंड आहे.”

हाजेर पुढे आली. तिने मुलाच्या कानशिलात मारली. मग त्याचं मनगट मांडीवर दाबून धरलं आणि दोन्ही हातांनी ती मूठ उघडायला लागली. अंगठा धरून ओढला. करंगळीखाली नख घातलं. तिच्या तोंडून शिव्या चालल्या होत्या, त्याच्या बापाला, आजाला, त्याने प्यायलेल्या दुधाला. रिद्वानने जोर केला नाही. हात मागेही घेतला नाही. नुसता बसून राहिला, आणि ती दमली तेव्हा तिच्या नखाखाली त्याचं रक्त होतं.

“बाई, समजवा त्याला,” जेव्देत तिच्या कानाशी येऊन म्हणाला. “जिंकलेला सोन्याचा पट्टा काढून घेतील. पुन्हा कुठल्या मैदानात उभा राहू देणार नाहीत. तुरुंगात सडेल. आणि तुम्ही? अशा पोराची आई म्हणून उद्या विहिरीवर कुठल्या तोंडाने जाल?”

हाजेर धापा टाकत होती. तेवढ्यात कुणीतरी तिच्या तोंडासमोर मोबाइल धरला. जेव्देतचा मुलगा अल्पेर. अंगापिंडाने भरलेला, रिद्वानच्याच वयाचा, पांढरा कडक शर्ट. सकाळपासून तो सगळं चित्रित करत होता.

“मावशी, जरा इकडे तोंड करा ना. रडताय ते दिसत नाहीये.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग, वयात आलेल्या कुठल्याही पोराला गावातली बाई विचारते तसंच तिने विचारलं, “तू कुठल्या छावणीत होतास रे, बाळ?”

अल्पेरने मोबाइल थोडा खाली घेतला. “मी? माझं झालं, मावशी. म्हणजे, जायच्या ऐवजी आम्ही सरकारला रक्कम भरली. कायद्यात बसतं ते.” आणि त्याने बापाकडे पाहिलं.

मुसळं घोटायची थांबली होती. पेंबेआत्या नाणं पुसता पुसता थबकली.

“रक्कम,” सेल्वी म्हणाली. एवढंच.

हाजेरने पदराने तोंड पुसलं. सेल्वीच्या हातातून वाडगा घेतला, रिद्वानच्या पुढून गेली आणि अल्पेरच्या समोर उभी राहिली. दोन बोटांवर मेंदी घेतली.

“ते खाली ठेव. हात दे.”

“मावशी, काय करताय...”

“मेंदी कालवलीय. वाया का घालवायची? मेंढा कापलाय, ढोल आलाय, कचेरी आलीय. उद्याची बस आहेच. दे हात.”

अल्पेरने मोबाइलसकट हात पाठीमागे नेला. त्यानेही मूठ मिटली होती. पण या वेळी नाण्याची थट्टा कुणाला सुचली नाही.

“त्याचं वेगळं आहे, बाई,” जेव्देत म्हणाला. आता तो हसत नव्हता. “तुम्हाला कळायचं नाही ते.”

“मला नाहीच कळायचं. मला नका सांगू.” हाजेरने वाडगा तसाच पुढे धरून ठेवला होता, पण ती बाजूला झाली, गुडघ्यावर बसलेली सेल्वी जेव्देतला नीट दिसेल अशी. “ही बसलीय बघा. हिला सांगा, काय वेगळं आहे. सांगा, अध्यक्षसाहेब. आम्ही थांबतो.”