वीतभर लांब रेषा

अंगद लवांडेच्या पत्राला राधाकृष्ण सरांनी उत्तर दिलं नाही, त्याला अठरा वर्षं झाली. साधं आंतरदेशीय पत्र होतं. 'सर, माझं पाऊल कमी पडलं आणि मंडळ हरलं. मैदान तुम्ही आखलं होतं, तुम्ही जवळून पाहिलंत. किती कमी पडलं, तेवढं कळवा.'

सर स्वतः कधी खेळले नव्हते. नगरच्या एका वाचनालयात नोकरी, आणि संध्याकाळी रणझुंजार मंडळाचं कबड्डीचं मैदान फक्कीनं आखायचं, एवढाच त्यांचा खेळाशी संबंध. मंडळाची मोजायची फीत जुनी, तिची पहिली वीत केव्हाच तुटून गेलेली. म्हणून कुठलंही माप घेताना एक वीत वाढवून धरायची, हे सगळ्यांना पाठ होतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी बोनसची रेषा आखताना सरांनी वीत वाढवून खूण केली. फक्कीचा डबा घेऊन आले, तर मनात शंका. वाढवली होती ना? त्यांचा स्वतःवर भरवसा तसा कमीच. त्यांनी खूण आणखी एक वीत पुढं सरकवली.

शेवटच्या चढाईत अंगदचं पाऊल त्या रेषेच्या चार बोटं अलीकडं पडलं. पलीकडं पडतं तर एक गुण मिळून बरोबरी झाली असती. सगळे पांगल्यावर सरांनी एकट्यानं पुन्हा मोजलं. रेषा वीतभर, म्हणजे बारा बोटं, लांब होती.

हे कुठल्या तोंडानं लिहायचं? पत्र वहीत राहिलं. अंगदनं खेळ सोडला, सुप्याला कंपनीत लागला, असं कानावर आलं.

परवा स्टेडियमवर शाळांचे सामने होते. आता मॅट असते, आखायचं काही उरलेलं नाही. सर आपले सावलीतल्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. लाउडस्पीकरवर नाव आलं, "राजनंदिनी अंगद लवांडे, तिसगाव." सरांनी पुस्तक मिटलं.

पोरगी उंच होती, चपळ होती. तीनदा बोनसच्या रेषेपर्यंत गेली आणि तीनदा तिथूनच माघारी फिरली. मध्यंतरात ती मैत्रिणीबरोबर नळावर बाटली भरायला आली.

"बोनस का घेत नाहीस गं?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

"पप्पा म्हनत्यात, रेषेच्या नादी लागू नको. आपल्या घरात पाऊलच आखूड हाय."

"आखूड?" मैत्रीण म्हणाली. "आजोबा, यष्टीत हिच्या शेजारी बसून बघा. पाय ठेवायला जागा न्हाई ऱ्हात."

"गप गं, दीपे."

"पप्पा कुठं असतात?" सरांनी विचारलं.

"घरीच. सुप्याची नोकरी सोडली. नंबर देऊ का?"

"नको. पत्ता सांग."

"आजोबा पत्र लिवनार," दीपा खुदकन हसली.

"हो," सर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चार पानं लिहिली. त्यात फितीचा इतिहास आला, वाचनालयातली त्या वर्षीची गडबड आली. वाचून पाहिलं तर अंगद चौथ्या पानावर भेटत होता. ती पानं फाडून त्यांनी दुसरा कागद घेतला.

'अंगद, तुझं पाऊल कमी पडलं नाही. रेषा मी वीतभर लांब आखली होती. हे मला त्याच दिवशी कळलं, पण सांगायचं धाडस झालं नाही. तू किती ते विचारलं होतंस. खऱ्या रेषेच्या आठ बोटं पलीकडं गेला होतास. माझ्यावर रागाव, पण पोरीला बोनस घेऊ दे.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं. चार पावलं गेल्यावर मनात आलं, तिकीट लावलं होतं ना? ते थांबले. लावलं होतं, दुकानदारापुढंच लावलं होतं. पोरींचा पुढचा सामना अकराला होता. सर पेटीकडं न वळता स्टेडियमच्या रस्त्याला लागले.