एर्सिलियाबाईंची किंकाळी

ऑपेराच्या कंपनीत मी एकोणीस वर्षं प्रॉम्प्टर होतो. रंगमंचाच्या पुढच्या कडेला एक खड्डा असतो, त्यात उभा राहून गाणाऱ्यांना पुढची ओळ सांगायची, हे माझं काम. त्यामुळे एर्सिलियाबाईंचं जे झालं ते मी चार हातांवरून पाहिलं.

बाई इटलीतल्या फाएन्झा गावच्या, जुन्या तालमीत तयार झालेल्या. श्वास जपून खर्चायचा, आवाज ताणायचा नाही, हे त्यांच्या गुरूंनी सहा वर्षं घोटून घेतलं होतं. पण त्या नावारूपाला येईतो वारं फिरलं. राजेराण्या लोकांना नकोशा झाल्या. रंगमंचावर कोळी, गाडीवान, धोबिणी आल्या, सुरे निघाले, आणि गाणारे मध्येच हुंदके देऊ लागले, ओरडू लागले. याला खरेपणा म्हणत.

आमचे मालक तेओबाल्दो यांनी वर्तमानपत्रात एका खुनाची बातमी वाचली. कोमाक्कियोच्या खाडीत वाम मासे पकडणाऱ्या एकाला सख्ख्या भावानेच भोसकलं होतं. मालकांनी त्यावर ऑपेरा लिहवून घेतला. शेवटी नवऱ्याचं प्रेत दारात आणतात, बायको ते पाहून किंकाळी फोडते आणि पडदा पडतो. किंकाळीला सूर नव्हताच. कागदावर नुसती एक उभी रेघ होती.

पहिल्याच रात्री बाईंनी ती अशी फोडली की माझ्या हातातलं पुस्तक खाली पडलं. माडीवरचे लोक उभे राहिले. त्यानंतर गावोगावी लोक किंकाळी ऐकायला येऊ लागले. आधीचं दीड तासाचं गाणं ते सहन करत. मालकांनी पाच वर्षांचा करार केला आणि बाईंनी आनंदाने सही केली. दुसऱ्या कंपनीत गायचं नाही, दुसरी भूमिका मागायची नाही, आणि शेवटची किंकाळी पहिल्या प्रयोगाबरहुकूम द्यायची, अशी कलमं त्यात होती. ती बाईंनी नीट वाचली दुसऱ्या वर्षी, वरचे सूर फाटायला लागले तेव्हा.

तिसऱ्या वर्षी फेर्रारात प्रयोगानंतर एक काळी शाल पांघरलेली बाई रंगपटात आली. तिचं नाव नोएमी. ज्याचा खून झाला त्याची ती बायको. पाद्रीबाबांनी तिला सांगितलं होतं की तुझ्या घरची गोष्ट नाटकात आली आहे. एर्सिलियाबाईंनी घाईने तिला खुर्ची दिली आणि आमचं काही चुकलं का, असं विचारलं.

"गाता छान तुम्ही," नोएमी म्हणाली. "पण मी ओरडले नव्हते."

"मग काय केलंत?"

"त्यांचे बूट ओले होते. ते काढले, चुलीपाशी वाळत ठेवले. मग शेजारीण आली, तिनं मला धरून बसवलं."

एवढं बोलून ती गेली. तिला शेवटची बोट गाठायची होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला विचारलं, आज मी तसं केलं तर वादकांना थांबवता येईल का? मी वाद्यवृंदाच्या प्रमुखाशी बोललो. त्या रात्री प्रेत आलं तेव्हा बाई खाली बसल्या, प्रेताच्या पायातले बूट काढले, ते छातीशी धरले आणि शेवटची ओळ अगदी हलक्या, भरल्या सुरात गायल्या. खड्ड्यात मला रडू आवरेना.

वरून नापसंतीची शिट्टी आली. मग दुसरी. "किंकाळी कुठाय?" म्हणून कुणीतरी विचारलं आणि सगळं थिएटर हसलं. पडदा पडला तरी लोक जागचे हलेनात, पाय आपटत राहिले. मी खड्ड्यातून पडद्यामागे गेलो, तिथे मालकही आले. चिडले नाहीत. कराराचा कागद त्यांच्या खिशातच असे, पण तो त्यांनी काढलाही नाही.

"बाई, ते जाणार नाहीत. देऊन टाका," एवढंच म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पुस्तकात पाहिलं. पडदा पुन्हा वर गेला, गाणं नाही, काही नाही. बाई पुढे आल्या आणि किंकाळी फोडली. लोकांनी फुलं टाकली.

पुढे दीड वर्ष त्या रोज ते करत होत्या. दुपारी कोमट पाण्यात मध घेऊन बसत, कुणाशी बोलत नसत. आन्कोनात एका रात्री किंकाळी मध्येच चिरली. नुसती हवा बाहेर आली, ओठांवर रक्त दिसलं. लोकांना वाटलं, हा नवा खरेपणा. इतक्या टाळ्या त्यांना कधीच मिळाल्या नव्हत्या. पडदा पडल्यावर त्यांना बोलता येईना. पुढच्या आठवड्यात जेम्मा नावाची मुलगी त्यांच्या जागी आली.

वर्षाभराने मी फाएन्झाला गेलो. बाई बहिणीच्या टोप्यांच्या दुकानात बसत. आवाज फाटक्या कागदासारखा झाला होता. त्यांनी मला वाइन दिली, कंपनीतल्या सगळ्यांची चौकशी केली. शेवटी विचारलं, ती मुलगी कशी ओरडते?

"चांगलं ओरडते," मी म्हणालो.

"तिला सांगा, आधी पोटात श्वास भरून घे. आणि मान वर करू नकोस, गळा तिथेच कापला जातो."

मी जेम्माला निरोप सांगितला. तिने मन लावून ऐकून घेतला. मग खाली बघत म्हणाली की मान वर करायला मालकांनीच सांगितलंय, शिरा ताणलेल्या मागच्या रांगेपर्यंत दिसायला हव्यात.