जयवंताच्या पाठीतली गोळी

मित्रांनो, मी एक जुनी चांदीची सळई आहे. लांबीला वीतभर, जाडीला गव्हाच्या काडीएवढी, आणि टोकाला मोहरीसारखा गोल मणी. जखम किती खोल आहे, आत काय रुतले आहे, हे कळावे म्हणून डॉक्टर मला आत घालीत. अचलपूरच्या नत्थुजी सोनाराने मला घडवले. चांदी त्याने मऊच ठेवली, कारण मी वाकायला हवे होते, टोचायला मात्र नको.

माझे मालक भगवंतराव अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर होते. ते कापसाच्या तेजीचे दिवस. समुद्रापार कुठेतरी लढाई पेटली होती आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. बाजारात गाड्यांची रीघ लागे, कापसाच्या गंजींवर बंदूकवाले राखणदार बसत. बंदुका वाढल्या तशी माझी कामेही वाढली. मांडीतले, दंडातले शिसे मी कितीदा शोधून दिले. लोक वाहवा करीत. मला थोडा गर्वही झाला होता.

एका दुपारी सहदेव माळी आपल्या बायकोला बैलगाडीत पालथी निजवून घेऊन आला. जयवंता तिचे नाव. ती बाजारात गाडीवानांना वांगी-मिरच्या विकत बसली होती. एका राखणदाराच्या हातून बंदूक निसटली, बार उडाला आणि गोळी तिच्या कमरेत, मणक्यापाशी शिरली.

तिचा डावा पाय ओंडक्यासारखा पडला होता. उजव्या पायाचा अंगठा तेवढा जरासा हले. भगवंतराव तो पुन्हा पुन्हा पाहत होते.

"आत काहीतरी पाठीच्या कण्यातल्या मज्जेच्या दोराला दाबतंय," ते सहदेवाला म्हणाले. "काढून पाहतो. पण तिथे हात जरा चुकला तर हा अंगठाही जाईल. जीवसुद्धा जाऊ शकतो. काय करू, सांगा."

सहदेव नुसता घाम पुसत राहिला. तेवढ्यात जयवंताच बोलली, "डॉक्टरसायब, ह्यायले काहून इचारून राहिले? पाठ माही हाय. मले सांगा."

भगवंतराव तिच्या उशाशी बसले आणि त्यांनी सगळे पुन्हा, सावकाश सांगितले.

"अंगठा हालते, तवरच पाहा," ती म्हणाली.

तिला क्लोरोफॉर्म हुंगवले. मला गरम पाण्यातून काढून जखमेत घातले. बोटभर आत मणी कशालातरी मऊशा वस्तूला टेकला. गोळीने ओढून नेलेली तिच्या लुगड्याची चिंधी होती ती. चिमट्याने ती निघाली. मग खरखर लागली. मणक्याच्या हाडाची एक कपची आत वळली होती. तीही हळूच निघाली. त्यापुढे मी शिशाला टेकले. गोळी! पण ती हाडात घट्ट बसली होती, आणि तिला अगदी लागून मज्जेचा नाजूक दोर. मी टेकताच उजव्या पायाला झटका बसला.

भगवंतरावांचा हात थांबला. पुढे ढकलू नका, असे मी मनात म्हणत होते. आणि आत ठेवली तर गोळीच तिला मारील, याचेही भय वाटत होते. त्यांनी श्वास सोडला आणि मला बाहेर काढले.

"गोई कोठी हाय?" सहदेवाने बाहेर विचारले.

"आतच आहे. ओढली असती तर पाय गेला असता."

"मंग केलं काय तुमी?" तो ओरडला. भगवंतरावांनी मज्जेला दाबणारी हाडाची कपची आणि ती चिंधी त्याच्यापुढे धरली.

पुढचे दिवस फार काळजीत गेले. जयवंताला ताप चढला. लघवी अडली, नळी घालावी लागली. "गोळीपेक्षा एकाच अंगावर पडून राहून पाठीला होणाऱ्या जखमा जास्त माणसं नेतात," भगवंतराव तिच्या सासूला, पार्बताबाईला, म्हणाले. तेव्हापासून पार्बताबाई तिला कुशीवर वळवी, चादर ताणून सुरकुती काढी, पाठ कोरडी पुशी. "पलट माय, अजून एकडाव," म्हणत ती थकलेल्या सुनेला धरी. पाणी तापवून सहदेवच आणी.

ताप उतरला. डाव्या पायाला आधी मुंग्या आल्या, मग घोटा हलला. तो पाय पुरता कधी परतला नाही. पण पुढच्या हंगामात जयवंता काठी टेकत बाजारात आपल्या जागी येऊन बसली. शिसे पाठीतच राहिले. थंडीत ते ठणके.

त्यानंतर नवी हत्यारे आली. मी एका पेटीत पडले, काळी झाले. कोणी मला उजळले नाही, त्याचे वाईट वाटते. पण मित्रांनो, मला पुसायला जमले नाही तरी चालेल. तुमच्या घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर आधी उठा आणि त्याला हलकेच कुशीवर वळवा.