बाटलीतलं व्हिटॅमिन

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कोंडाजीचा शब्द प्रमाण. परदेशी जाणाऱ्या मालाची गोडी तपासायचं काम त्याचं. मणी पिळायचा, थेंब यंत्राच्या काचेवर टाकायचा, उजेडाकडे धरून डोळा लावायचा आणि आतली साखरेची रेषा कुठवर चढली ते सांगायचं. पण घरात पाऊल टाकलं की ही सगळी हुशारी कुठं जायची कोण जाणे.

त्याच्या बायकोला, कुसाबाईला, साखरेचा आजार. कोंडाजीनं तिचा गोड चहा बंद केला, आंबा बंद केला, द्राक्षाचा मणीसुद्धा घरात यायचा नाही असा दंडक घातला. बिचारी हिरमुसून गेली. मग त्याचाच जीव खालीवर व्हायला लागला, आणि रोज संध्याकाळी तो तिच्यासाठी एक रंगीत बाटली आणू लागला. व्हिटॅमिनचं पाणी! वर पळणाऱ्या गड्याचं चित्र, दुकानदाराची ताकदीची हमी, आणि पाणीच ते, पाण्यात कसली आलीय साखर? महागाची वस्तू म्हणून त्यानं स्वतः कधी घोटभरही चाखली नाही.

साखर मात्र उतरायचं नाव घेईना. असंच चाललं तर डोळ्यांवर येईल, असं डॉक्टरांनी बजावलं. कोंडाजीच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं तिचा भातही तोडला. बाटली तेवढी चालूच राहिली.

एक दिवस पॅकहाऊसमध्ये सोबतच्या झुंबरनं त्याच्या पिशवीतली बाटली बघून थट्टा केली, की वहिनींचं औषधही एकदा तपासून घ्या. कोंडाजीनं हसत हसत थेंब काचेवर टाकला, डोळा लावला, आणि तसाच उभा राहिला. रेषा चढली होती. द्राक्षाइतकी नाही, पण चांगली चढली होती. चहातून वाचवलेली साखर तो स्वतःच्या हातानं तिला बाटलीतून पाजत होता.

संध्याकाळी तो रिकाम्या हातानं घरी आला. पाय न धुताच ओट्यावर बसला आणि सगळं सांगून टाकलं. माझ्यापायी तुझे डोळे गेले असते, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

कुसाबाई पदराशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "गोड हाय ते मला पहिल्या घोटालाच कळलं होतं."

आता मात्र कोंडाजी उखडला. मग बोलली का नाहीस, जीव नकोसा झालाय का तुला, असं बरंच काही बोलला.

"तुम्ही आले की जेवायचे आन् आडवे व्हायचे," ती म्हणाली. "बाटली आणायला लागले तवापासून ती संपेस्तोवर माझ्यापाशी बसायचे. म्हणून मी लय सावकाश प्यायचे."

कोंडाजी उठला, आत जाऊन माठातलं पाणी तांब्याभर घेऊन आला, तिच्या हातात दिलं आणि तिला खेटून बसला.

"हे पी," तो म्हणाला. "घाई करू नको."