दादाचं उत्तर छापलेली पट्टी

मी सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि याही गोष्टीवर बसणार नाही. पण पाच आठवडे पापणीही न हलवलेल्या माणसाकडून मी उत्तर मिळवलं होतं. पुराव्याला कागदाची पट्टी आहे.

वहिनी गेली. तिचं कपाट आवरून पुतणी आणि जावई माझ्या कामाच्या खोलीत आले, तेव्हा ती पट्टी पुतणीच्या पर्समध्ये होती. पुतणी दवाखान्यातली यंत्रं दुरुस्त करते. विद्या माझ्याकडूनच उचलली, कबूल करत नाही. जावयाने मात्र ही गोष्ट ऐकलेली नव्हती. असा कोरा कान मिळाला की मला चेव येतो.

"जावईबापू, अंगातली वीज केवढी? व्होल्टचा हजारावा भाग, तोही नशिबाने. त्यावर भिंतीतल्या वायरींची घरघर येऊन बसते, मुंगीवर म्हैस बसावी तशी. म्हणून कातडीला दोन वायरी लावायच्या. दोन्हींवर सारखं येईल तो कचरा, तो वजा करायचा. वेगळं येईल ते हजारपट वाढवायचं. पण वजाबाकी जमायला दोन्ही बाजू जुळ्या हव्यात. मी चारशे रेझिस्टर मोजले तेव्हा दोन जुळले! मग ॲम्प्लिफायर असा तिखट झाला, की खिडकीतल्या माशीला राग आला तरी कागदाच्या पट्टीवर रेघ ओढणारं पेन हलायचं."

"माशीला कसला राग, काका?"

"विचारायला सवड नव्हती."

जावई हसला. मी पुढे सरकलो. प्रत्येक नवं सर्किट मी आधी स्वतःवर तपासायचो. माझं हृदय आठ ठोके नीट देतं आणि नवव्याला दांडी मारतं. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही. आमच्या कारखान्यात कुणाच्या हाती ठोक्यांचा कागद लागला की ओरडायचे, "साहेबांचा आहे, नववा गैरहजर!"

आता दादा. माझा थोरला भाऊ, हिचे वडील. सोल्डरिंग त्यानेच शिकवलं. माझी प्रत्येक थाप तो तोंडावर पकडायचा आणि वर म्हणायचा, "पुन्हा सांग." एक दिवस त्याच्या डोक्यात रक्तस्राव झाला. श्वास यंत्रावर, हृदय पेसमेकरवर, मिनिटाला सत्तर, घड्याळ लावून घ्यावं असं. बाकी सगळं बंद. डॉक्टरांनी वहिनीला विचारलं, श्वासाचं यंत्र काढायचं का?

वहिनी माझ्याकडे वळली. "त्यांना विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. भावोजी, तुमच्या यंत्राला माशीचा राग कळतो म्हणता ना? मग विचारा."

बढाई अंगाशी आली ती अशी.

चार दिवसांत ॲम्प्लिफायरची पेटी घेऊन गेलो. डाव्या खांद्यावर दोन वायरी, तिसरी घोट्याला, सगळ्या चादरीखालून. खांद्यापाशी हृदयाचे ठोकेही रेघेत बारीक टोकांसारखे शिरतात. ते गाळायला वेळ नव्हता. पेटी मांडीवर घेऊन मी कॉटला खेटून बसलो. वहिनी पायाशी उभी.

"दादा, यंत्र काढायचं असेल तर खांदा एकदा उचलायला बघ. राहू द्यायचं असेल तर दोनदा."

आणि पेन उसळलं! एकदा... दोनदा! कागद फाटता फाटता राहिला, शाई छताला लागली.

वहिनी रडली नाही. तिने पट्टी फाडून घेतली, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी नोकरीचा राजीनामा दिला. दादा जाईपर्यंत अकरा महिने. दर दोन तासांनी त्याला कुशीवर वळवायचं, गळ्यातली नळी साफ करायची. तरी त्याच्या पाठीच्या जखमा हाडापर्यंत गेल्या. त्याला उचलून उचलून तिची कंबर गेली, ती पुन्हा सरळ झालीच नाही.

"पण त्याला जगायचं होतं," मी म्हणालो. "मी नसतो तर कुणाला कळलं असतं?"

जावयाने डोळे पुसले. "काका, तुम्ही थोर आहात."

मी नम्र चेहरा केला. तो मला छान जमतो.

 पुतणीने एव्हाना पट्टी माझ्याच टेबलावर, भिंगाच्या दिव्याखाली पसरली होती आणि माझंच कर्कटक घेऊन टोकाटोकांवर चालवत होती. शेवटाला पोचली, पुन्हा सुरुवातीपासून चालवलं.

"काका, उसळ्यांच्या मधे ठोके दिसतायत."

"म्हटलं ना, गाळायला वेळ नव्हता."

"मोजले मी. आठ आहेत, मग रिकामी जागा. पुन्हा आठ, पुन्हा रिकामी." कर्कटक तिने खाली ठेवलं नाही. "बाबांचा पेसमेकर दांडी मारत नव्हता. काका, वायरी तुमच्या खांद्यावर होत्या. आई अकरा महिने कुणाचं ऐकत होती?"